गेममध्ये अनोळखी माणूस मुलाला गिफ्ट देतोय, काय करू?

काळजीत_आई: मुलगा ११ वर्षांचा, रोब्लॉक्स खेळतो. काल सहज डोकावले तर कोणीतरी त्याला गेममधली महागडी वस्तू दिलेली आणि चॅटमध्ये लिहिलेलं, इथे नीट बोलता येत नाही, डिस्कॉर्डवर (ते वेगळं चॅट अ‍ॅप आहे) ये, घरी सांगू नकोस. मुलगा म्हणतो तो १३ वर्षांचाच आहे, मित्र आहे माझा. नवरा म्हणतो टॅब काढूनच घे. फॅमिली लिंक (मुलांच्या टॅबवर लक्ष ठेवायचं गूगलचं अ‍ॅप) लावलंय तरी असं कसं झालं?

जुना_खेळाडू: ताई, फॅमिली लिंकमध्ये वेळ, अ‍ॅप, लोकेशन एवढंच कळतं, गेमच्या आत कोण काय बोलतंय ते नाही दिसत. चॅट बंद करायचं तर रोब्लॉक्सच्याच पॅरेंटल कंट्रोलमध्ये जावं लागेल. आणि गिफ्ट, दुसऱ्या अ‍ॅपवर बोलावणं, घरी सांगू नको, हे तिन्ही एकत्र आलं म्हणजे त्याचं वय किती ते बघत बसू नका. आधी चॅटचे आणि त्याच्या युजरनेमचे स्क्रीनशॉट घ्या, मग रिपोर्ट, मग ब्लॉक. घाईत चॅट डिलीट केलं तर पोलिसांना दाखवायला काही उरत नाही.

मावशी_७४: टॅब काढू नका हो प्लीज! माझ्या भाचीचं असंच झालं, १४ वर्षांची होती, एक फोटो पाठवला आणि मग तो धमक्या द्यायला लागला अजून पाठव नाहीतर सगळ्यांना दाखवतो, आणि पोरीनं तीन आठवडे कोणाला सांगितलं नाही, का तर फोन जाईल म्हणून. फोटोपर्यंत गेलं असेल तर 'टेक इट डाउन' नावाची फुकट सेवा आहे, १८ च्या आतल्या वयात काढलेल्या नग्न किंवा अर्धनग्न फोटोंसाठी. फोटो त्यांना पाठवायचा नसतो, आपल्याच फोनवर त्याचा एक कोड बनतो आणि ज्या साइट्स त्यात सामील आहेत त्या तो कोड जुळला की फोटो काढू शकतात.

काळजीत_आई: टॅब घेणार नाही असं आधी सांगितलं आणि मग विचारलं. रडला खूप. फोटो नाही पाठवलाय, पण शाळेचं नाव आणि सुटायची वेळ सांगून बसलाय. स्क्रीनशॉट घेतलेत, रिपोर्ट केलं.

जुना_खेळाडू: मग आजच पोलिसांत जा, आणि शाळेतही सांगून ठेवा, घरच्यांशिवाय कोणासोबत सोडू नका म्हणून.