नॉर्वे: कुठल्या महिन्यात गेलात, काय दिसलं, काय हुकलं? (अनुभव धागा)

मंडळी, पुढच्या वर्षी आईबाबांना घेऊन नॉर्वेला जायचं घाटतंय. टूरवाल्यांची पत्रकं वाचून डोकं आउट झालंय, सगळ्यांच्या पहिल्या पानावर तोच नॉर्दर्न लाइट्सचा हिरवा उजेड, तोच फियॉर्ड (डोंगरांत घुसलेली समुद्राची चिंचोळी खाडी) आणि तळाला बारीक अक्षरात "हवामानावर अवलंबून". म्हणून हा धागा. कुठल्या महिन्यात गेलात ते आधी लिहा, मग बाकीचं. जे हुकलं तेही लिहा, ते जास्त कामाचं.

सुरुवात मीच करते. सप्टेंबरअखेर, ऑफिसच्या कामाने ऑस्लोला होते, शनिवार-रविवार जोडून फ्लोमची रेल्वे केली. वरचं मिर्डाल ८६६ मीटरवर, खालचं फ्लोम फियॉर्डच्या काठाला, मधे फक्त २० किलोमीटर आणि त्यात २० बोगदे. आजोबा कर्जतला रेल्वेत होते त्यामुळे मला दऱ्याखोऱ्यांच्या आधी चढ किती ते बघायचं असतं, तर इथे बराचसा रस्ता १८ ला १, म्हणजे १८ मीटर गेलं की १ मीटर चढ. आपल्या बोरघाटात ३७ ला १ आहे आणि तेवढ्यासाठी कर्जतला मागून बँकर, म्हणजे ढकलायला जादा इंजिनं, लावतात! मधे शोसफॉसेन धबधब्याशी गाडी थांबते, उन्हाळ्यात तिथे लाल झग्यातली एक बाई गाण्यावर नाचते, हुल्ड्रा म्हणजे तिकडची जखीण. मी गेले तेव्हा जखिणीचा सीझन संपला होता. नुसतं पाणी, अंगावर तुषार, आणि डोंगरावर बर्चची झाडं हळदीसारखी पिवळी. मला तेच आवडलं.

आता तुम्ही.

---

फेब्रुवारी, पार उत्तरेचं ट्रोम्सो, चार रात्री. त्यातल्या तीन रात्री आभाळ गच्च. हॉटेलात नॉर्दर्न लाइट्सचं ॲप उघडून बसायचं, त्यात आकडा पाच-सहा दाखवतोय आणि वर ढगांची गोधडी. इथेच आपल्या लोकांची गल्लत होते, तो आकडा वर काय घडामोड चाललीय त्याचा, तुमच्या डोक्यावर ढग आहेत का नाहीत ते त्याला काय माहीत. चौथ्या रात्री मिनीबसवाला म्हणाला समुद्राकाठी आज काही खरं नाही, डोंगरापलीकडे हवा कोरडी असते, आणि चालवत चालवत थेट फिनलंडच्या हद्दीपर्यंत नेलं. उणे २२. थर्मासमधला चहा कपात ओतला की दोन घोटांत गार. बायकोच्या पापण्यांवर तांदळाची पिठी भुरभुरल्यासारखी दिसायला लागली. मोबाईल ४० टक्के दाखवत असतानाच पटकन बंद पडला.

साडेबाराला उत्तरेकडे एक पांढुरका पट्टा उठला, मला वाटलं ढगच. गाईडने कॅमेऱ्यात दाखवला तर हिरवागार! म्हणजे डोळ्याला राखाडी आणि कॅमेऱ्याला हिरवा. खोटं कशाला बोलू, जरा फसवल्यासारखं वाटलं. मग एकच्या सुमारास तो पट्टा मधूनच ताणला गेला आणि कुणी पडदा झटकावा तसा डोक्यावर हलला, खालची कड गुलाबी, तेव्हा मात्र डोळ्यांनाही हिरवा दिसला, तीन-चार मिनिटं, बस. सगळे ओरडत होते, बायको गप्प. माझा फोटो एकही नाही कारण मोबाईल खिशात मेलेला. तर निदान चार-पाच रात्री हातात ठेवा, आणि मोबाईल आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा.

---

वरच्यांना जोड: ब्रॉडर घ्या ब्रॉडर. बुटाखाली चढवायचे रबरी पट्टे, त्यांना खिळे असतात. आपण स्वेटर-कानटोपीवर हजारो रुपये घालवतो आणि पायाखालचं विसरतो. दिवसा बर्फ थोडा वितळतो, रात्री परत गोठतो आणि फुटपाथ म्हणजे काच. माझ्या शेजारून एक ऐंशीच्या आजी ब्रॉडर घालून टुकटुक उतारावरून गेल्या आणि मी नवेकोरे महागडे बूट घालून आडवा, डावं मनगट फ्रॅक्चर. उरलेली ट्रिप एका हाताने.

---

मी ऑस्लोत नऊ वर्षं आहे. माझं मत विचाराल तर मे, आणि तोही १७ मे धरून. १८१४ साली त्यांची राज्यघटना झाली तो दिवस. आपल्या २६ जानेवारीची सवय असते ना, त्यामुळे पहिल्या वर्षी मी रणगाडे कधी येतात म्हणून वाट बघत उभी, तर नुसती पोरंच येतायत! शाळेमागून शाळा, प्रत्येकीचा बँड, कुणाचा ट्रम्पेट बेसूर, कुणाच्या बुटाची लेस सुटलेली, एक चिमुरडं झेंडा टाकून रडतंय, आणि वर राजवाड्याच्या गच्चीत राजाचं कुटुंब उभं राहून तासन्‌तास हात हलवतंय. त्या दिवशी मुलांनी आइस्क्रीम कितीही खावं, कुणी बोलत नाही.

सगळे बुनाडमध्ये. बुनाड म्हणजे त्यांचा पारंपरिक पोशाख, लोकरीचा, त्यावर भरतकाम आणि चांदीचे लोंबते ब्रोच, आणि प्रत्येक भागाचा वेगळा, त्यामुळे बघणाऱ्याला कळतं ही बाई कुठली. किंमत ऐकाल तर आपली पैठणी स्वस्त वाटेल. एका वर्षी मी हिय्या करून पैठणी नेसले, नथ घातली, आणि आत थर्मल (मे महिना असला तरी सकाळी दहाच डिग्री). ट्रामच्या स्टॉपवर एका आजींनी पदरावरचा मोर हातात धरून उलटसुलट बघितला, टाके मागून कसे आहेत ते बघत होत्या, आणि विचारलं, हा कुठल्या भागाचा बुनाड? मी म्हटलं येवला, जिल्हा नाशिक. त्यांनी मान डोलावली, जणू माहीतच आहे.

त्या दिवशी दुकानं बंद, जेवणाचं आधी बघून ठेवा. तसंही इथे रविवारी बहुतेक दुकानं बंदच असतात हे लक्षात असू द्या.

---

एप्रिल, लोफोटेन बेटं. आम्ही वसईकडचे, कोळी. बोट ठरलेली, डोंगर बघायचे ठरलेले, पण हेनिंग्सवॅरला गाडीतून उतरल्याबरोबर वास आला आणि मी म्हटलं अरे हे तर घर! सगळीकडे वलांड्या, मासे सुकवायचे मांडव. आपल्या बोंबलाच्या असतात तशाच, फक्त बांबूऐवजी जाड लाकडी वासे आणि बोंबलाऐवजी हातभर लांब कॉड. दोन-दोन मासे शेपटीला बांधून दांड्यावरून अलीकडे-पलीकडे टाकलेले, मीठ नाही काही नाही, नुसत्या वाऱ्यावर. आपल्याकडे बोंबील उन्हात दोन-चार दिवसांत कडक होतात, यांचा मासा फेब्रुवारीपासून मेपर्यंत लटकतो. थंडी शून्याच्या आसपास हवी, फार गोठला तर मास फुटतं, फार ऊब आली तर माश्या बसतात. हे एका म्हाताऱ्या मासेवाल्याने सांगितलं, मला त्याची भाषा येत नव्हती, त्याला माझी नव्हती, त्याची नात मधे इंग्रजीत बोलत होती. मुंडकी वेगळी, माळेत ओवून टांगलेली. ती नायजेरियाला जातात, तिथे रश्शात घालतात. आणि माशांच्या जिभा कापायचं काम शाळेतली पोरं करतात, जिभेच्या विक्रीचा पैसा त्यांचा स्वतःचा. माझी आजी असती तर म्हणाली असती बघा, ही पोरं मोबाईल घेऊन बसत नाहीत.

त्या गावातलं फुटबॉलचं मैदान ड्रोनच्या फोटोत सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्याच्या आजूबाजूलाही वलांड्याच आहेत, फोटोतून वास येत नाही एवढंच. बायकोने दोन दिवस नाकाला रुमाल लावला (ती सातारची). मी एक सुका तुकडा विकत घेतला, हातोडीने ठेचून खातात तो, आणि घरी येऊन आईला दिला. तिने चावला, विचार केला आणि म्हणाली, मीठ कमी.

---

वय ६८. मुलगा ट्रोम्सोला नोकरीला, जूनमध्ये सहा आठवडे गेले होते. तिथे वीस मेच्या सुमारास सूर्य मावळायचा थांबतो तो जुलैच्या बावीस-तेवीसपर्यंत. ऐकायला छान वाटतं हो. पण सांजवात कधी लावायची? पहिल्या दिवशी सातला लावली तर खिडकीतून ऊन थेट समईवर, ज्योत दिसेना. सुनेने गडद पडदे ओढून दिले, मग दिसली. रात्री अकराला शेजारचा गृहस्थ गवत कापायचं मशीन चालवतोय, पोरं सायकली खेळतायत, पक्षी थांबायचं नाव घेत नाहीत. मला झोपच येईना, मुलाने खिडकीला स्वयंपाकाची ॲल्युमिनियम फॉईल चिकटवली. संकष्टीला तर गंमतच. चंद्र कुठे दिसेचना, बिल्डिंगच्या मागे जाऊन आलो, गाडी काढून टेकाडावर जाऊन आलो. शेवटी पुण्याच्या चंद्रोदयाची वेळ धरून उपास सोडला, बाप्पा समजून घेईल.

एकदा रात्री बाराला केबल कारने डोंगरावर नेलं. खाली पूल, पलीकडे समुद्र, आणि सूर्य क्षितिजाच्या वर आडवा आडवा सरकत चाललेला, खाली उतरतच नाही. माणसं गप्प बसून बघत होती. आम्ही डब्यातली मेथीची पुरी खाल्ली.

---

बर्गन, जुलै. आम्ही चिपळूणचे, पावसाचं आम्हाला कौतुक नाही. वर्षात दोनशेच्या वर दिवस पाऊस म्हणतात, चारही दिवस होता. ब्रिग्गनची जुनी रंगीत लाकडी घरं छत्रीतूनच पाहिली, वाकडी झालीयेत पण झकास. छत्री मात्र नेऊ नका, वाऱ्याने उलटी होते. रेनकोट घ्या. पुढे.

---

मी ट्रॉनहाइमला मास्टर्स करतोय सो स्टुडंट बजेटवाला अनुभव. सप्टेंबरमध्ये डोव्हरेफ्येलला गेलो. डोंगरात ट्रेकिंग संघटनेच्या झोपड्या आहेत, काहींत माणूसच नसतो. मेंबर झालं की किल्ली मिळते, आत गाद्या, चुलीला लाकडं, कपाटात डाळी-पास्ता-बिस्किटं. खायचं, हिशोब स्वतः लिहायचा, पैसे नंतर भरायचे. कुणी बघत नाही. जाताना लाकडं फोडून ठेवायची, ओढ्याचं पाणी भरून ठेवायचं, भांडी घासायची. आमच्या राजगडावरच्या मुक्कामाची आठवण झाली, फक्त तिथे सकाळी प्लॅस्टिकच्या बाटल्या गोळा कराव्या लागतात. मस्क ऑक्स दिसले तीन, केसाळ रेडेच, २०० मीटर लांब राहायचं, त्यांना राग आला तर ते फार जोरात धावतात म्हणे, तपासून बघितलं नाही.

रूममेट नॉर्वेजियन आहे, तो ऑगस्टमध्ये मुल्ते वेचून आला, केशरी रंगाची दलदलीत उगवणारी बेरी. कुठून आणली विचारलं तर विषयच बदलला. सख्ख्या भावालाही जागा सांगत नाहीत. आमच्या मामाकडे कोकणात अळंबीच्या जागेचं अगदी असंच.

---

डिसेंबरबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून. मी उत्तरेला चार हिवाळे काढलेत. सूर्य नसतो म्हणजे चोवीस तास काळोख नसतो. दुपारी दोन-तीन तास सगळं निळं होतं, बर्फ निळा, घरं निळी, दक्षिणेला थोडी गुलाबी रेघ. आणि खिडक्याखिडक्यांत दिवे, कागदी तारे, आपल्या आकाशकंदिलासारखेच. पण चौथ्या आठवड्यात मला रडू यायला लागलं, कारण नसताना. डॉक्टरांनी ड जीवनसत्त्व दिलं आणि दुपारी बाहेर पडायला सांगितलं. ट्रोम्सोत २१ जानेवारीला सूर्य परत दिसतो, त्या दिवशी सगळे सोलबोले खातात, जॅम भरलेले तळलेले गोल बन. सूर्य काही मिनिटंच येतो. आम्ही सगळे ऑफिसमधून रस्त्यावर आलो, ढग होते, दिसला नाही. बन खाल्ले आणि परत कामाला.

---

धागाकर्ती परत: बाबांना सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. ते वलांडीपाशीच अडकलेत, त्यांना एप्रिल हवाय. आई म्हणतेय मे, पैठणीला इस्त्री करायला दिलीसुद्धा. तर ऑस्लोवाल्या ताई, १७ मेला तुमच्याकडे आणि पुढे २२-२३ ला ट्रोम्सो असं जमेल का? आणि त्या काकूंना विचारायचं होतं, आईचीही संकष्टी असते, आणि झोपेसाठी खिडकीला फॉईलचा किती मोठा रोल लागला?