सर्व्हरवर स्वॅप शून्य ठेवायचा हट्ट कशाला?

मुठाकाठ: हिंजवडीत लिनक्स सर्व्हर उभा केला की आधी स्वॅपऑफ मारून स्वॅप (रॅम भरली की तिच्यातला डेटा ठेवायची डिस्कवरची जागा) बंद करायची रीतच पडली आहे. माझ्या मते 16 जीबीच्या मशीनला 2 जीबी स्वॅप हवाच. तो नसला तर कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) हीप-स्टॅकची, म्हणजे प्रोग्रामच्या चालू डेटाची, पेजेस (मेमरीचे छोटे तुकडे) बाहेर काढता येत नाहीत. मग फाइलवाली पेजेस (डिस्कवरच्या फाइलींच्या रॅममधल्या प्रती) फेकली जातात, आणि त्यात चालू प्रोग्रामचा कोडही येतो. कोड फेकला की लगेच मेजर पेज फॉल्ट (हवं ते पेज रॅममध्ये नाही), डिस्कवरून वाचन, पुन्हा फेकाफेक. मशीन गोठतं, एसएसएच (दुरून लॉगिन) लागत नाही आणि ओओएम किलरही (मेमरी संपली की एखादी प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) येत नाही. दर वेळी थोडी पेजेस सुटतात ना, त्यामुळे मेमरी संपली असं कर्नलला वाटतच नाही.

रात्रपाळी: साफ असहमत. जावाची हीप स्वॅपमध्ये गेली की गार्बेज कलेक्टर (नको असलेला डेटा काढणारा) ती सगळी चाळताना पेजागणिक फॉल्ट घेतो. मिलिसेकंदांचा पॉज सेकंदांवर जातो. त्यापेक्षा प्रोसेस 137 (जबरदस्तीने मारल्याचा एक्झिट कोड) देऊन मेलेली बरी, सिस्टिमडी (सेवा चालू ठेवणारा प्रोग्राम) उठवेल.

मुठाकाठ: मरणार कोण हे तुम्ही ठरवता का? ज्याने जास्त मेमरी खाल्ली तो, म्हणजे बहुधा डेटाबेस. हवं तर त्याला ओओएम_स्कोअर_अ‍ॅडज -1000 द्या, म्हणजे किलर त्याला सोडतो. आणि जावापुरतंच दुखणं असेल तर तिच्या सीग्रुपला (मर्यादा लावता येणाऱ्या प्रोसेसगटाला) मेमरी.स्वॅप.मॅक्स 0 करा, अख्ख्या मशीनला शिक्षा कशाला?

शनवारपेठी: दोघंही वरवरचं बोलताय. मूळ रोग ओव्हरकमिट, म्हणजे असलेल्यापेक्षा जास्त मेमरी कबूल करणं. मॅलॉक (प्रोग्रामने मेमरी मागायचं फंक्शन) नुसता पत्ता देतो. 4 केबीचं खरं पेज पहिल्यांदा लिहिताना, फॉल्ट आल्यावर मिळतं. आमंत्रणं हजार, पानं सहाशेची! ओव्हरकमिट_मेमरी 2 करा, मॅलॉक दारातच नाही म्हणेल.

रात्रपाळी: अहो, स्वॅप शून्य आणि ओव्हरकमिट_रेशो डीफॉल्ट 50 (रॅमचे टक्के) असेल तर 16 जीबीवर कमिटलिमिट (एकूण कबूल करायची मर्यादा) जेमतेम 8 जीबी. रेडिसमध्ये (रॅममध्ये चालणारा डेटाबेस) 5 जीबी डेटा असला, तर बॅकग्राउंड सेव्हच्या फोर्कला (प्रोसेसची प्रत काढायला) आणखी 5 मोजले जातात. कॉपी-ऑन-राइटमुळे (बदललेल्याच पेजची प्रत निघते) प्रत्यक्षात त्यातली थोडीच लागते, तरी निम्म्याहून जास्त रॅम मोकळी असताना फोर्क पडतो. म्हणून तर रेडिसवाले ओव्हरकमिट_मेमरी 1 (मागाल तेवढी कबूल) ठेवा म्हणतात.

शनवारपेठी: आणि पोस्टग्रेस डेटाबेसवाले 2. दोन्ही एकाच मशीनवर कोंबायला सांगितलंय कोणी? रेशो 80 करा, मेमइन्फोत कमिटेड_एएस (एकूण कबूल झालेली मेमरी) बघत राहा.

मुठाकाठ: फ्री कमांडमध्ये स्वॅप वापरलेला दिसला म्हणून घाबरणाऱ्यांसाठी: व्हीएमस्टॅट 1 चालवा. एसआय आणि एसओ (स्वॅपमधून आत येणारी, स्वॅपमध्ये जाणारी मेमरी) शून्याला असतील तर ती पेजेस पडून आहेत, पडू द्या. दोन्ही सतत हलत असतील तर रॅमच कमी आहे. तिथे माझा 2 जीबी स्वॅपही पुरा पडणार नाही.