नानांच्या घड्याळाने ठोके अनियमित दाखवले, कितपत खरं मानायचं?

केळीबाग_रावेर:
राम राम मंडळी. आमचे नाना ६७ वर्षांचे, केळीची बाग आहे, पुण्याहून भावाने त्यांना स्मार्टवॉच पाठवलं. आता त्यात परत परत सूचना येतेय की ठोके अनियमित वाटताहेत, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचा ताल बिघडायचा आजार) असू शकतं. नानांना त्रास काहीच नाही, घड कापायला आमच्यापुढे असतात, म्हणतात उन्हाने यंत्र तापलं असेल. मला मात्र झोप नाही. थेट जळगावला न्यावं का? आणि त्यांना शुगर पण आहे, सुई न टोचता शुगर दाखवणारं घड्याळ मिळतं म्हणे, ते घेऊ का?

धुळेकर_डेटावाला:
भो, घड्याळाखालचा हिरवा लाइट कातडीत जातो, दर ठोक्याला मनगटात रक्त वाढलं की तो जास्त शोषला जातो, त्यावरून दोन ठोक्यांतलं अंतर मोजतात आणि त्या अंतरांना ताल आहे की नाही ते घड्याळातला प्रोग्राम ठरवतो. हात हलला, पट्टा सैल असला की सिग्नल बिघडतो, म्हणून ही तपासणी बहुतेक माणूस शांत बसलेला असतानाच होते. ४५ अंशात पाणी कमी पडलं तर ठोके वाढतात हे खरं, पण ठोके जोरात पडणं वेगळं आणि ताल चुकणं वेगळं. नानांचं उन्हाचं कारण मला पटत नाही.

ईसीजी_ताई:
मी ईसीजी (हृदयाच्या ठोक्यांचा आलेख) काढायचं काम करते म्हणून लिहिते. ॲपलने अमेरिकेत ४ लाख १९ हजार लोकांवर अभ्यास केला, २०१९ मध्ये छापून आला. सूचना आली फक्त ०.५२ टक्क्यांना, पण ६५ च्या पुढच्यांत ३ टक्क्यांच्या वर. म्हणजे हीच सूचना पंचविशीतल्या पोराला आली तर वेगळं आणि नानांना आली तर वेगळं, वयामुळे ती खरी असायची शक्यताच वाढते. सूचना आलेल्यांपैकी ज्यांना नंतर छातीवर ईसीजीची पट्टी लावून पाहिलं, त्यांच्यातल्या ३४ टक्के लोकांत हा आजार सापडला, बाकीच्यांत नव्हताच असंही म्हणता येत नाही कारण तो येतो-जातो. आणि त्रास नाही म्हणून सोडू नका हो, कित्येकांना काहीच जाणवत नाही आणि हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत जाते, लकव्याचा धोका साधारण पाचपट.
जळगावच पाहिजे असं नाही, आधी जवळच बारा लीडचा, म्हणजे दवाखान्यात छाती-हातापायांना वायरी लावून काढतात तो ईसीजी काढा. तो नॉर्मल आला तरी घड्याळातली नोंद डॉक्टरांना दाखवा आणि होल्टर (अंगावर लावून ठेवायचं छोटं ईसीजी यंत्र) लावायचं का ते विचारा, त्यात २४ तास किंवा जास्त रेकॉर्डिंग होतं. रक्त पातळ करायची गोळी मनाने सुरू करू नका.

केळीबाग_रावेर:
ताई, मग घड्याळ गप्प असलं तर सगळं ठीक समजायचं का?

ईसीजी_ताई:
अजिबात नाही. हार्ट अटॅक ते ओळखत नाही. छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोबडं बोलायला लागले तर घड्याळ न बघता १०८ ला फोन.

धुळेकर_डेटावाला:
शुगरचं राहिलं. ते घड्याळ घेऊ नका. अमेरिकेत औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं की सुई न टोचता स्वतःच शुगर मोजणारं एकही घड्याळ किंवा अंगठी त्यांनी मंजूर केलेली नाही. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर माणूस बेशुद्ध पडू शकतो. दंडाला चिकटवायचा सेन्सर असतो तो वेगळा, त्याची बारीक तार कातडीखाली जाते. नाहीतर बोट टोचायचं साधं मशीन आणा, आणि आकडे वहीत लिहून ठेवत जा, ईसीजीला जाल तेव्हा वही पण सोबत न्या.