वऱ्हाडीत स्वतःची गाणी, सोबत फक्त गिटार: चाल बसवाची कशी?

पऱ्हाटीवाला (दारव्हा)

राम राम मंडळी. मी दारव्ह्याकडचा, घरी शेती, पऱ्हाटी म्हनजे कापूस, आन् तूर. कॉलेजात होतो तवा होस्टेलवरच्या मित्रानं अमेरिकेतलं फोक आन् कंट्री ऐकवलं, म्हनजे एकटा मानूस, एक गिटार, गानं स्वतःच लिहिलेलं, मागं कोनती कंपनी नाही का मोठा ताफा नाही, आपल्या गावची, बापाची, कर्जाची गोष्ट सांगून राहिला बस. मले इंग्रजी अर्धंमुर्धं समजे पन वाटे का मानूस समोरच्या बाजीवर बसून बोलून राहिला. तवापासून मी बी लिहून राहिलो, पन आपल्या बोलीत. मायवर एक गानं हाये, त्याचं धृपद असं:

माय वेचे पऱ्हाटी, बोटाले चीर पडे
तेल चोळे रातच्याले, दिव्याच्या उजिडाकडे

आन् दुसरं कडवं:

शेतकऱ्याचं दुःख कोनाले कळत नाही
सरकार येते जाते, नशीब वळत नाही

आता अडचन सांगतो. चाल मायच्याच तोंडची हाये, ती वेचताना जे गुनगुनते त्यातूनच उचलली. पन गिटारवर जी, सी, डी हे कॉर्ड, म्हनजे एकदम वाजनारे सुरांचे जोड, लावले का चाल मोडते, कुठंतरी ओढल्यावानी होते, आन् कॉर्ड नाही लावले त गिटार कायले घेतली असं वाटते. दुसरं म्हनजे शहरात एका स्टुडिओवाल्याले दाखवलं, त्यानं ऐकून घेतलं आन् म्हने याच्यात बीट टाक, बासरी टाक, आन् ते 'बोटाले, रातच्याले' काढून शुद्ध कर, नाहीतर पुन्यामुंबईचे लोक ऐकनार नाहीत. मले ते काही पटलं नाही. मले असंच साधं रेकॉर्ड कराचं हाये, घरीच. फोन हाये, एक जुना लॅपटॉप हाये. कोनी केलं असन त सांगा भाऊ, चाल कशी बसवाची आन् रेकॉर्डिंग कसं कराचं.

खंजिरी_मोझरी

भाऊ पयले त बोली बदलू नोको. 'उजिडाकडे'चं 'उजेडाकडे' केलं त गानं तिथंच मेलं समज.

आता चालीचं. तू म्हनतो चाल मायच्या तोंडची, म्हनजे चारपाच सुरांतली असन, सा च्या आजूबाजूलेच फिरनारी. आपल्या ओव्या, भजनं, भुलाबाईचे गाने बहुतेक असेच. त्याच्याखाली तू दर ओळीले कॉर्ड बदलला का कानाले वाटते आता चाल कुठंतरी जानार, आन् चाल त जागेवरच राहते, तीच ओढाताण तुले आयकू येते. मी भजनी मंडळात खंजिरी वाजवतो आन् घरी गिटार, हे मले हळूहळूच उमगलं का आपल्या चालीले बदलनारे कॉर्ड नाही लागत, खाली एक धरून ठेवलेला सूर लागते.

असं कर. सगळ्यात जाड तार, म्हनजे ई, ती पूर्ण एक सूर उतरवून डी कर. आता सहावी तार डी, पाचवी ए, चौथी डी, म्हनजे सा, प, सा झालं, एकतारीचं काम गिटारच करते. अंगठा सहाव्या आन् चौथ्या तारेवर आळीपाळीनं चालू दे, बाकी बोटाइनं पातळ तारा हलक्या छेड, कॉर्ड फक्त कडवं संपते तिथं बदल. याच्याहून पुढं जाचं असन त डी-ए-डी-जी-ए-डी असं ट्यूनिंग लाव. त्यात मोकळ्या तारांमध्ये डी ले सा धरला त गंधार, म्हनजे ग, नाहीच, ना कोमल ना शुद्ध, त गंधार कोनता लागन हे तुया गळा ठरवते, गिटार आडवी येत नाही. आपल्या चाली कडव्यात एक गंधार आन् धृपदात दुसरा घेतेत, तिथं हे लय कामाचं.

सा चा हिशेब, पेटीच्या पट्ट्याइनं: डी म्हनजे पांढरी दोन. तुया सा काळी दोनचा असन त कॅपो, म्हनजे साऱ्या तारा दाबनारा चिमटा, पयल्या फ्रेटवर (दांडीवरच्या पयल्या आडव्या पट्टीवर) लाव, काळी एकचा असन त अख्खी गिटार अर्धा सूर उतरव. गळ्याले गिटारमागं धावाले नोको लावू.

ठेक्याचं बी सांगतो. कंट्रीत जे तीनच्या मोजनीचे गाने असतेत ना, ते आपल्या दादऱ्याच्या सहा मात्रांत बरोबर बसतेत. तुयं धृपद वाचून मले त दादराच आयकू आला. एकदा हातानं मांडीवर दादरा धरून म्हनून पाह्य.

आन् ज्याले वाटते का हे असं साधं वाजवनं म्हनजे कमीपना हाये, त्याच्यासाठी. कार्टर फॅमिली या अमेरिकेतल्या कंट्री गानाऱ्या घरातली मेबेल कार्टर, व्हर्जिनियाच्या डोंगरातली, अंगठ्यानं जाड तारांवर चाल वाजवे आन् बोटाइनं वरच्या तारांवर ठेका धरे, एकाच गिटारवर दोन मानसाइचं काम. १९२७ मध्ये ब्रिस्टल गावात त्यायचं पयलं रेकॉर्डिंग झालं, तीन जन, घरचेच गळे, घरचीच बोली, आन् तिथूनच कंट्रीचा मोठा रस्ता निंगाला. ती १९०९ ची. आपले तुकडोजी महाराज, यावलीचे, ते बी १९०९ चेच. हे आठवलं का मले लय बरं वाटते, तिकडं ती गिटार घेऊन आन् इकडं महाराज खंजिरी घेऊन, दोघायच्या हातात एकएकच वाद्य. महाराजाइच्या भजनाले हजारो लोक बसत ते वाद्यासाठी नाही बसत भाऊ, शबुद कानात पडे म्हनून बसत.

भुलाबाईची_लेक (अकोट)

दादा, धृपद वाचलं आणि थांबलेच मी. माझी आजी पण वेचणीवरून आली की रात्री खोबरेल चोळायची बोटांना. बोंडाची वाळलेली टोकं सुईसारखी लागतात, आणि पहाटेचं दव असतं तोवरच वेचायचं म्हणून बाया अंधारातच निघतात, कारण ऊन चढलं की वाळलेल्या पानांचा चुरा कापसात येतो. हे ज्याने पाहिलं तोच 'तेल चोळे' लिहू शकतो. त्यामुळे ते धृपद कोणी काहीही म्हटलं तरी बदलू नका.

पण दुसरं कडवं काढा असं मी स्पष्टच सांगते. राग मानू नका. 'शेतकऱ्याचं दुःख कोनाले कळत नाही' हे कुणीही लिहील, पुण्यात बसूनही लिहील. पहिल्या दोन ओळीत तुमची माय दिसते, तिसरी ओळ आली की माय गायब आणि भाषण सुरू. सरकारवर बोलायचंच असेल तर ते पण मायच्या हातातून येऊ द्या. कापूस घरात पडलेला, भावाची वाट पाहणं चाललंय, व्यापारी येऊन मूठभर काढून पाहतो आणि ओला आहे म्हणून भाव पाडतो, ती तेव्हा दारात उभी राहून काय बोलते ते लिहा. काहीच बोलत नसेल तर तेच लिहा.

आणि तुम्ही हे अमेरिकेतून आलं असं समजता, पण स्वतःचं गाणं स्वतः रचून एकटीने म्हणणं आपल्याकडे जात्यावर पिढ्यानपिढ्या चालत आलंय. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्या पारी या ग्रामीण भारताच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर ऐकायला मिळतात. कितीतरी ओव्यांत बाई स्वतःचं, आईचं, भावाचं नाव घालते, पहिली ओळ चालत आलेली आणि दुसरी तिची स्वतःची. रात्री हेडफोन लावून ऐका, कुठे थांबतात, श्वास कुठे घेतात ते बघा. जात्याचा घरघर आवाज मागे असतो फक्त, तरी अंगावर काटा येतो.

आमच्याकडे भाद्रपद पौर्णिमा ते कोजागिरी भुलाबाई असते, पोरी घरोघरी गाणी म्हणतात आणि शेवटी डबा हलवून खिरापत ओळखायची. ती गाणी पण एकदा गिटारवर धरून बघा, वर खंजिरीवाल्या दादांनी सांगितलं तसं खाली एकच सूर ठेवून. मला वाटतं सुंदर बसतील. पण चाल पारंपरिक असेल तर तसं लिहा, एवढं नक्की करा.

टिनाचं_छप्पर (वर्धा)

मी मंडपाचं साउंड करतो, लग्न, सप्ते, जयंत्या, त रेकॉर्डिंगचं मी सांगतो.

तुमच्या घरी कापूस भरलेली खोली असन ना? दिवाळीनंतर भाव वाढाची वाट पाहत आपन घरात भरून ठेवतो तो. त्या खोलीत रेकॉर्ड कर भाऊ. खरं सांगतो, पैसे देऊन लोक भिंतीले फोम लावतेत ते काम कापूस फुकटात करते, आवाज भिंतीवरून परत येतच नाही, एकदम कोरडा आन् जवळचा येते. फक्त ताजा असतानाच. उन्हाळ्यापर्यंत राहलेल्या कापसात बसला त अंगाले खाज सुटन, ते तुले सांगाची गरज नाही. कापूस इकला असन त दोन गोधड्या मागं टांग आन् एक खाली अंथर.

दुसरं, लाईन गेली का रेकॉर्ड कर. कूलर बंद, फ्रिज बंद, शेजारच्याचा टीव्ही बंद, मोटर बंद. लॅपटॉप बॅटरीवर. लोडशेडिंगवर आपन एवढं बोलतो पन रेकॉर्डिंगले त्याच्यासारखी शांतता भेटत नाही. फोन फ्लाइट मोडवर टाकजो.

माइक घेतला नाही तरी चालन, फोनवरच कर. फोन गिटारच्या भोकासमोर नोको धरू, तिथं नुसती घूं घूं येते. बाराव्या फ्रेटच्या समोर, छातीच्या उंचीवर, एक हात दूर, म्हनजे तोंड आन् गिटार दोन्ही सारखे येतीन. गळा आन् गिटार एकाच वेळेस गा, वेगवेगळं रेकॉर्ड करून जोडू नोको, या असल्या गान्यात श्वासासोबत हात थोडा थांबते तेच त खरं असते. आवाज जोराचा वाटला त फोन दूर कर. पुढं पैसे आले त साधा डायनॅमिक माइक घेजो, कंडेन्सर नोको, कंडेन्सर गल्लीतलं कुत्रं बी टिपते. लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे आवाज कापाजोडाचं सॉफ्टवेअर टाक, फुकट हाये, मागंपुढं कापाले तेवढं पुरे. रिव्हर्ब, म्हनजे आवाजाले घुमारा, टाकाचाच असन त थेंबभर.

गिटारची काळजी घेजो. तिले हवेत साधारन ४५ ते ५५ टक्के ओलावा लागते आन् आपल्याकडे मे महिन्यात हवा पार कोरडी होते, लाकूड आकसते, फ्रेटचे टोकं बाहेर येऊन हाताले लागतेत, वरची फळी तडकाची बी भीती असते. साबनाच्या डब्बीले भोकं पाड, त्यात ओला करून पिळलेला स्पंज ठेव आन् डब्बी गिटारच्या पेटीत ठेव. टिनाखाली टांगून त बिलकुलच ठेवू नोको. श्रावनात उलटं, लाकूड फुगते आन् तारा उंच होतेत, तवा घाबरून जाऊ नोको.

पऱ्हाटीवाला (दारव्हा)

मंडळी, काय बोलू. जाड तार डी केली, दादरा धरला, आन् मायची चाल जशीच्या तशी बसली. माय चुलीपाशी होती, ती तिथूनच दुसरी ओळ म्हनाले लागली.

ताई, दुसरं कडवं काढलं. तुम्ही म्हनता ते खरंच हाये, त्याच्यात माय नव्हती. आता असं लिहिलं, पाहा:

मुठीत धरून यापारी कापूस दाबून पाहे
माय पाहे त्याची मूठ, काहीबाही बोलत नाहे

'नाहे' जमते का? आमच्या इकडं म्हातारे मानसं म्हनतेत. आन् आता एक सांगा, हे टाकाचं कुठं? एका ऑडिओ कंपनीचा फोन आला होता, ते म्हनते सही करून द्या, बाकी आमी पाहतो.

भुलाबाईची_लेक (अकोट)

'नाहे' ठेवा. 'काहीबाही' ऐवजी 'काही काही' बघा, कारण काहीबाही म्हणजे भलतंसलतं बोलणं होतं. बाकी कडव्याला हात लावू नका.

झाडीतला_माणूस (वडसा)

सही करण्याआधी कागद नीट वाचा, नाहीतर कोणा वकिलाला दाखवा. गाणं लिहून-रेकॉर्ड करून झालं की कॉपीराइट आपोआप तुमचाच असतो, नोंदणी सक्तीची नाही. कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली, त्यानंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा वारस किंवा आयपीआरएससारखी रॉयल्टी गोळा करून देणारी संस्था सोडून दुसऱ्या कोणाला देऊन टाकता येत नाही. कागदात 'सर्व हक्क कायमचे' असं दिसलं तर सही करू नका. रेकॉर्डिंग तुमच्या खर्चाचं, तुमच्या घरचं, मग त्याचा मालक दुसरा कशाला?

स्पॉटिफायवर टाका, ऐकणाऱ्याला सोपं जातं, पण पैशाची आशा तिथे ठेवू नका, २०२४ पासून एखादं गाणं मागच्या १२ महिन्यांत हजार वेळा वाजलं नाही तर त्याचे पैसेच मिळत नाहीत. बॅन्डकॅम्प या वेबसाइटवर चाहते गाणं थेट विकत घेतात, डिजिटल विक्रीवर ते १५ टक्के कापतात. यूट्यूबवर तर टाकाच, गावातले सगळे तिथेच.

पण माझं मत विचाराल तर आधी माणसांसमोर गा. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो, लोक थंडीत शाल गुंडाळून पहाटेपर्यंत बसतात, ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड सगळं समोर वाजत असतं, आणि तरीसुद्धा एखादा नट एकटा उभा राहून साधं गाणं म्हणतो तेव्हा मंडप चिडीचूप होतो. हे ऐकणारे लोक आहेत आपल्याकडे. तुमच्याकडे पोळ्याला तोरणाखाली झडत्या, म्हणजे चिमटे काढणाऱ्या ओळी, म्हणतात ना, तिथे कापसाच्या भावावर, सावकारावर सगळं बोललं जातंच. यंदा झडत्या झाल्या की देवळाच्या ओट्यावर बसून हे गाणं म्हणा. माइक नको.

खंजिरी_मोझरी

पोळ्याले येतो मी, खंजिरी घेऊन. फक्त धृपदाले वाजवीन, कडव्याले गिटार एकटीच राहू दे. तारा आत्ताच बदलून ठेव, अकरा नंबरच्या जाड घे, डी वर उतरवल्यावर दहाच्या पातळ तारा लय ढिल्या पडतेत.