ऑफिसातल्या तक्रारींवरून इमारत सुधारता येते का?

शेंद्र्याचा मेंटेनन्सवाला: मे महिन्यात पारा ४० च्या वर गेला की आमचा फोन थांबत नाही. एकाला उकडतंय, दुसरीला थंडी वाजतेय. बहुतेक ठिकाणी रिमोट दाबून तक्रार मिटवतात, नोंद काहीच राहत नाही. माझं मत: प्रत्येक तक्रारीपुढे टेबल, वेळ आणि तिथलं तापमान लिहाच. आम्ही लिहायला लागलो तेव्हा कळलं, उकाड्याच्या तक्रारी दुपारी चारनंतर आणि पश्चिमेच्या काचेलगतच्या रांगेतूनच येतात. तिथली हवा २५ अंशच होती, पण तापलेल्या काचेची धग थेट अंगावर येत होती. त्या एका रांगेसाठी अख्खा मजला २२ वर ठेवलेला, बाकीचे गारठलेले. काचेला बाहेरून चटया लावल्या आणि एसी २५ वर आणला. एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं.

नांदेडकर: पटलं नाही. रजिस्टरात त्याचंच नाव येतं ज्याचा आवाज मोठा. सफाईच्या मावशी, गेटवरचा गार्ड कधी तक्रार करतात का? खोलीच्या हवेवर किती लोक नाराज असतील याचा अंदाज देणारं फँगर या शास्त्रज्ञाचं सूत्र आहे, त्यातही सगळं उत्तम असताना ५ टक्के लोक नाराज राहतातच. त्यांच्यामागे किती धावणार? आणि बंद मीटिंग रूममध्ये जांभया येतात, पण कार्बन डायऑक्साइड वाढला म्हणून कुणी फोन करत नाही. सेन्सर बसवा.

शेंद्र्याचा मेंटेनन्सवाला: जांभयांचं मान्य आहे दादा, तिथे सेन्सरच हवा. पण ५ टक्के सगळीकडे विखुरलेले असतील तर सोडून देऊ. एकाच रांगेतले सगळे ओरडत असतील तर दोष जागेचा आहे. जे बोलत नाहीत त्यांना मे आणि डिसेंबरमध्ये, नाव न लिहिता, आपण होऊन विचारावं.

लातूरची ताई: आमच्या कार्यालयात एसी नाही, कूलर आहे. कूलरला समोरची खिडकी उघडी लागते, नाहीतर दमट हवा आतच कोंडते. ती खिडकी फायलींच्या कपाटाने अडवलीय. अर्ज दिले, ‘ॲडजस्ट करा’ म्हणाले. आता कुणी लिहीत नाही. वही कोरी, म्हणून वर कळवतात की तक्रार नाही!

नांदेडकर: ताई, मी हेच म्हणतोय. कोरी वही बघून सगळं ठीक आहे असं धरणार असाल तर ती पद्धतच धोक्याची. यंत्राला साहेबांची भीती नसते.

शेंद्र्याचा मेंटेनन्सवाला: यंत्र ३४ अंश दाखवेल, कपाट दाखवणार नाही. ते ताईंनीच सांगितलं. म्हणून प्रत्येक तक्रारीपुढे काय केलं आणि कधी केलं, हा रकाना हवा, आणि वही सगळ्यांना दिसेल अशी भिंतीला टांगलेली हवी. ताई, पुढचा अर्ज एसीचा नको, फक्त कपाट हलवण्याचा द्या, खिडकीच्या फोटोसकट.