पहिला ट्रान्सफॉर्मिंग रोबो कोणता घ्यावा? (व्हॉयेजर क्लासच्या वर नको)

निळीपणती (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. ट्रान्सफॉर्मर्सचे रिव्ह्यू बघून बघून डोकं भंजाळलंय, म्हणून इथे विचारतो. संग्रहातला हा पहिलाच रोबो. बजेट व्हॉयेजर क्लासपर्यंत (म्हणजे मधल्या आकाराचे आणि किमतीचे), त्याच्या वर एक पायरीही चढायची नाही. नुसता मांडून ठेवणार नाही. टेबलावर राहील आणि हाताला चाळा म्हणून दिवसातून कितीदा तरी गाडीचा रोबो, रोबोची गाडी होईल. सध्या दोघांत अडकलोय: सीज मालिकेतला ऑप्टिमस प्राइम आणि स्टुडिओ सीरिज ८६ मधला हॉट रॉड. ज्यांनी हे वापरलेत त्यांनी सांगा, सांधे घट्ट राहतात का? रंग उडतो का?

लोहगोल
मास्टरपीस या महागड्या मालिकेतला ऑप्टिमस प्राइम, एमपी-१० घ्या, विषय संपला. २०११ चं डिझाइन आहे, पण अजून तोड नाही. छाती उघडली की आत मॅट्रिक्स, ट्रेलर उघडला की अख्खा तळ, सोबत रोलर नावाची छोटी गाडी आणि स्पाइकची छोटी बाहुलीसुद्धा. माझ्याकडे आहे तो पहिल्या खेपेतला. घरी येणारा प्रत्येक जण आधी तोच हातात घेतो.

निळीपणती
धन्यवाद लोहगोल. पण तो व्हॉयेजरच्या पुष्कळ वर जातो हो.

शनिवारची_सुट्टी
एमपी-१० ला +१. तरी त्याच मालिकेतल्या नव्या प्राइमचा, एमपी-४४ चा विचार करून बघा. २०१९ मध्ये आलाय. एमपी-१० चे पाय बघा आणि याचे बघा, फरक कळेल. एकदाच खर्च करायचा तर असा करावा की परत मन चळायला नको.

लोहगोल
एमपी-४४ ची पॅनेलं मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल. रूपांतर करताना घाम फुटतो. पाय सुंदर आहेत हे मान्य, पण खेळणं हातात घेऊन खेळता आलं पाहिजे.

कडीकोयंडा
धागाकर्त्यांनी व्हॉयेजर विचारलाय, त्यावर बोलू या. माझ्याकडे दोन्ही आहेत, दोन्ही वापरलेत.

सीजचा प्राइम हाताळायला सोपा. टप्पे कमी आणि दणकट. कंबर, मनगट, घोटा सगळं वळतं. अंगावर ५ मिमीची भोकं भरपूर, त्यामुळे दुसऱ्या रोबोंची शस्त्रंही बसतात. खटकण्यासारखं एकच: युद्धातले ओरखडे म्हणून मारलेला चंदेरी रंग. काहींना तो फार आवडतो, मला घाण वाटतो. ट्रेलर नाही.

हॉट रॉड म्हणजे छोटा मास्टरपीसच. डोळ्यांवर खाली येणारा व्हायझर आहे, हातातून गोल करवत निघते. पण उंचीला तो साधारण डिलक्सएवढाच (व्हॉयेजरच्या खालचा क्लास) भरतो. पैसे उंचीचे नसून गुंतागुंतीचे मोजताय हे आधीच ठरवून घ्या. पॅनेलं एकमेकांत अशी गुंतलेली आहेत की एक जरा तिरकं राहिलं तर पुढचं बसतच नाही. अशा वेळी दाबायचं नाही, दोन टप्पे मागे जायचं. काचेचा भाग पारदर्शक प्लास्टिकचा आहे, तिथे बोटाचा जोर नको.

दिवसभराच्या चाळ्याला प्राइम. रविवारी निवांत बसायला हॉट रॉड.

अर्ध्यातली
कडीकोयंडा, पारदर्शक प्लास्टिकचं अगदी खरं. साधं रंगीत एबीएस प्लास्टिक दाबलं तर वाकतं, तिथे पांढरा डाग पडतो, म्हणजे निदान आधी इशारा तरी मिळतो. पारदर्शक काही सांगत नाही, थेट तडकतं. माझ्या एका रोबोच्या खांद्यात धातूची पिन पारदर्शक भागातून आरपार गेलीय. खोक्यातून काढला तेव्हाच पिनेच्या दोन्ही बाजूंना केसासारखी भेग होती. विक्रेता म्हणे, "वापरताना झालं असेल." उघडतानाचं चित्रीकरण केलं होतं म्हणून बदलून मिळाला. तुम्हीही खोकं उघडताना मोबाइल सुरू ठेवा.

शनिवारची_सुट्टी
ताई, बिनखिडकीची खोकी आली होती तेव्हा तर याहून वाईट चाललं होतं. आतला रोबो बाहेरून दिसतच नसे. कोणी तरी नवा काढून घ्यायचं, जुना भरून परत करायचं आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात. खिडक्या परत आल्या ते बरंच झालं.

रिकामं_खोकं
मुळात उघडताच कशाला? सीलबंद ठेवा. किंमत टिकते, रंग टिकतो, सांधे ढिले व्हायचा प्रश्नच नाही. माझा अर्धा संग्रह अजून चिकटपट्टीसकट आहे.

अर्ध्यातली
आणि पिवळेपण? पांढरं प्लास्टिक बंद खोक्यातही पिवळं पडतं. ऊन लागलं तर लवकर, नाही लागलं तर सावकाश, पण पडतं.

जुनं_प्लास्टिक
सोनेरी प्लास्टिकचं नाव काढलं नाहीत अजून! ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून नव्वदच्या दशकात काही खेळण्यांसाठी सोनेरी कण मिसळलेलं लाटालाटांचं प्लास्टिक वापरलं गेलं. ते वर्षांनुवर्षं आतल्या आत कमकुवत होत जातं आणि साध्या वळवण्यानेही भुगा होतं. सीलबंद खोक्यातलंसुद्धा. कोणी जुना सोनेरी रोबो "एकदम मिंट" म्हणून विकत असेल तर त्याला विचारा, शेवटचा कधी वळवून पाहिला होता? उत्तर मिळणार नाही.

आणि आता मूळ मुद्दा. हल्लीचे सगळेच पोकळ. १९८४ च्या खेळण्यांत डायकास्ट धातू होता, हातात घेतलं की वजन कळायचं. आजच्या व्हॉयेजरचा हात मागून बघा, नुसती पन्हळ.

कडीकोयंडा
वजन छान वाटतं, कबूल. पण धातूवरचा रंग टवके उडून जातो आणि तेच वजन सांध्यांवर बसतं. तुमच्या १९८४ च्या प्राइमला गुडघे वाकवून उभं करा बरं.

जुनं_प्लास्टिक
त्याला वाकायची गरजच नव्हती. उभा राहिला की उभा.

लोहगोल
अवांतर: टकारा टोमी या जपानी कंपनीने २०२४ मध्ये मिसिंग लिंक म्हणून जुनाच प्राइम नव्या सांध्यांसह काढलाय. तुम्हा दोघांचं भांडण त्यात मिटेल. धागाकर्ते, तोही बघाच.

निळीपणती
तोही व्हॉयेजर नाही ना?

लोहगोल
नाही. पण एकदा हातात घेऊन बघा.

फुकटे_मास्तर
एवढी चर्चा कशाला, नक्कल घ्या. निम्म्याहून कमी पैसे, आकार मूळच्यापेक्षा मोठा, वर रंगही जास्त. मी तेच घेतो.

अर्ध्यातली
आकार मोठा करताना भिंतींची जाडी आणि सांध्यांची माप-जुळणी तितक्या काळजीने कोणी करत नाही. एक पाय घट्ट, एक ढिला, ही त्यांची खूण. शिवाय दुसऱ्याने डोकं लढवून केलेलं डिझाइन उचलायचं हे मला पटत नाही. हेमावैम (हे माझं वैयक्तिक मत).

फुकटे_मास्तर
माझ्या नकलेचे दोन्ही पाय घट्ट आहेत.

कडीकोयंडा
सांध्यांबद्दल विचारलं होतं, ते सांगायचं राहिलं. बॉल जॉइंट ढिला झाला तर गोळा काढून घ्या. त्याच्यावर बिनरंगी नेलपॉलिशचा अगदी पातळ हात द्या. पूर्ण वाळू द्या, मगच खोबणीत बसवा. ओला बसवलात तर चिकटून बसेल. सुपरग्लूने काही लोक करतात, पण तो जरा जास्त झाला की सांधा कायमचा गेला. रॅचेटचा सांधा, म्हणजे जो वळताना कट्‌कट्‌ वाजतो, त्याच्यात काहीही घालू नका. तो दात्यांवर चालतो, घर्षणावर नाही. आणि सांधा फार घट्ट असेल तर सिलिकॉन ग्रीस. शिवणयंत्राचं तेल वगैरे अजिबात नको, खनिज तेलाने काही प्लास्टिकं तडकतात.

शनिवारची_सुट्टी
नेलपॉलिशला +१. हेच लिहायला आलो होतो.

जुनं_प्लास्टिक
नवी मंडळी विसरतात की ही खेळणी मुळात ट्रान्सफॉर्मर्स नव्हतीच. टकाराची (आताची टकारा टोमी) डायाक्लोन मालिका १९८० ची. त्यातल्या गाड्यांत बसायला इवलासा चालक असायचा आणि त्यातलाच बॅटल कॉन्व्हॉय पुढे ऑप्टिमस प्राइम झाला. दुसरा झरा टकाराच्याच मायक्रोमॅन खेळण्यांचा, त्यातली मायक्रो चेंज मालिका. त्याची कल्पना मला जास्त आवडते: रोबो मोठ्या ट्रकची छोटी प्रतिकृती होत नाही, तो टेबलावरची खरी वस्तू होतो. पिस्तूल, टेपरेकॉर्डर. मेगाट्रॉन आणि साउंडवेव्ह तिथले. हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीने १९८४ मध्ये दोन्हीकडची खेळणी एकत्र करून त्यांना नावं आणि गोष्ट दिली. वस्तू वस्तूसारखीच दिसली पाहिजे, ही शिस्त आता कुठे उरलीय?

नवा_भिडू
वर कोणी लिहिलं असेल तर माफ करा, सगळे प्रतिसाद वाचले नाहीत. मास्टरपीस घ्या.

निळीपणती
सगळ्यांचे मनापासून आभार. ऑर्डर करून टाकली. प्राइम नाही, हॉट रॉड नाही, मास्टरपीस तर नाहीच. कोअर या सगळ्यात छोट्या क्लासमधला साउंडवेव्ह घेतला, साडेतीन इंची, टेपरेकॉर्डर होतो तो.

जुनं_प्लास्टिक यांनी टेबलावरच्या वस्तूचं लिहिलं तेव्हा मला पटलं. माझ्या टेबलावर ट्रकचं काम काय? टेपरेकॉर्डर तिथे शोभेल. कडीकोयंडा यांचा दिवसभराचा चाळा आणि रविवारचा निवांतपणा हा फरकही नेमका लागू पडला. मला कमी टप्प्यांचा, एका मुठीत मावणारा, पारदर्शक भाग फारसे नसलेला हवा होता. हॉट रॉड मनातून गेलेला नाही, पण हात बसल्यावर बघू.

लोहगोल
कोअर? मनगटसुद्धा वळत नाही त्याचं! दोन आठवड्यांत कंटाळाल. तेव्हा एमपी-१० बद्दल विचारा, मी आहेच.

जुनं_प्लास्टिक
उत्तम निवड. पोकळ आहे, पण उत्तम.

अर्ध्यातली
अभिनंदन! आला की आधी डावे-उजवे भाग नीट बघून घ्या. कधी कधी कारखान्यातच दोन्ही बाजूंना एकाच हाताचा भाग लागलेला असतो आणि रोबो उभा असताना ते लक्षात येत नाही. टेपरेकॉर्डर करताना एक बाजू मिटली नाही तर जोर लावायच्या आधी हेच तपासा. आणि चित्रीकरण विसरू नका.