हृदयाच्या गोळीबद्दल तातडीने मदत हवी आहे

घाईत_आहे
आईला ठोक्यांची गोळी चालू आहे. आज ईसीजी काढला, कागदावर क्यूटीसी ५०४ छापून आलंय. गोळीच्या माहितीपत्रकात 'पोटॅशियम चॅनल ब्लॉकर' लिहिलंय. म्हणजे पोटॅशियम वाढणार की कमी होणार? पोटॅशियमवाली फळं द्यायची की बंद करायची? एवढंच सांगा, प्लीज लवकर.

तिरकस
ठोक्यांच्या गोळ्या डझनभर आहेत हो. नाव? डोस? वय? किडनी कशी आहे?

घाईत_आहे
सोटालॉल ८०, दोन वेळा. वय ७१. बाकी सगळं नॉर्मल. फळांचं सांगा ना.

जुना_पेशंट
सोटालॉल सोडा, अमिओडारोन मागून घ्या. मी सहा वर्षं घेतोय, एकदाही फडफड नाही.

तिरकस
आणि थायरॉइड कितीदा तपासलंत? त्या गोळीत आयोडीन ठासून भरलंय. शिवाय क्यूटी, म्हणजे ठोका सुरू होऊन हृदय सावरेपर्यंतचा ईसीजीवरचा वेळ, तीही लांबवते, आणि बंद केली तरी अंगातून जायला महिने लागतात. एकीवरून दुसरीवर उडी मारायला ही काय चप्पल आहे?

जुना_पेशंट
थायरॉइडची गोळी चालू आहे माझी. ठोके नीट आहेत, ते महत्त्वाचं.

नाडीवाला
मग सोडियम चॅनल अडवणारं फ्लेकेनाइड का नाही? क्यूटीचं लफडंच कमी.

रात्रपाळी
नाडीवाला, हार्ट अटॅक येऊन गेलाय का ते विचारलंत? कास्ट नावाच्या औषधचाचणीत अटॅकनंतरच्या रुग्णांना फ्लेकेनाइड दिलं होतं. जादा ठोके दबले, पण खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा माणसं जास्त दगावली. १९८९ मध्येच ती गोळी चाचणीतून काढावी लागली.
घाईत_आहे, तुमचा गोंधळ नावामुळे झालाय. सोटालॉल रक्तातल्या पोटॅशियमला हात लावत नाही. ठोका झाल्यावर हृदयाच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर पडतं, तेव्हा ती पुढच्या ठोक्याला तयार होते. ही गोळी ते बाहेर पडायचं दार, म्हणजे चॅनल, अडवते, म्हणून पेशी सावरायला वेळ घेते. तोच वेळ ईसीजीवर लांबलेला क्यूटी म्हणून दिसतो. फार लांबला तर मध्येच भलता ठोका सुटून लय बिघडू शकते. आता गंमत बघा, रक्तात पोटॅशियम कमी असेल तर दार आणखी घट्ट बसतं. नाडी मंद असेल तर सोटालॉलचा हा परिणाम आणखी वाढतो. क्यूटीसी, म्हणजे नाडीच्या वेगानुसार जुळवलेला क्यूटी, ५०० मिलिसेकंदांच्या वर म्हणजे आजच डॉक्टरांशी बोलायचं. नाडी किती होती? आणि ईसीजी आजच का काढला? काहीतरी झालं असणार.

गॅजेटप्रेमी
घड्याळात क्यूटी दिसतो का? माझ्यात नुसती नाडी दिसते.

घाईत_आहे
नाडी ५०. सकाळी चक्कर आली म्हणून काढला. तीन दिवस जुलाब-उलट्या आहेत, त्यामुळे अशक्तपणा असेल. उलटीला ऑन्डान्सेट्रॉन चालू आहे. पण ते पोटाचं आहे, हृदयाशी काय संबंध?

तिरकस
'बाकी सगळं नॉर्मल' म्हणे!

रात्रपाळी
संबंध आहे! ऑन्डान्सेट्रॉनही तेच दार अडवतं. जुलाबात पोटॅशियम आणि मॅग्नेशियम जातं. अंगातलं पाणी कमी झालं की किडनी मंदावते, आणि सोटालॉल किडनीवाटेच बाहेर पडतं, म्हणजे ते साठत जातं. मंद नाडीही धरा, चारही गोष्टी एकाच दिशेला ओढतायत. डॉक्टरांना आत्ता फोन लावा, पुढची गोळी त्यांना विचारल्याशिवाय देऊ नका. पुन्हा चक्कर आली किंवा शुद्ध हरपली तर फोन वगैरे न करता थेट इमर्जन्सीत न्या.

नाडीवाला
औषध पोटाचं की नाकाचं ते हृदयाला कळत नाही. टर्फेनाडिन ही ॲलर्जीची साधी गोळी होती, याच भानगडीत १९९८ मध्ये अमेरिकेतल्या बाजारातून गेली.

घाईत_आहे
दाखल केलंय. पोटॅशियम कमी, २.९ निघालं, सलाइनमधून देतायत. मॉनिटर लावलाय. उलटीची गोळी बंद, सोटालॉलचं उद्याच्या ईसीजीवर ठरवणार. रात्रपाळी, आभार. तिरकस, तुमचेही.
पण फळांचं कुणीच सांगितलं नाही.